महिनाअखेरपर्यंत एक नकार

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मकसूद तांबोळींवर 'नाही' म्हणायला शिकायची पाळी आली, आणि तेही मे महिना संपायच्या आत. या वयात माणसानं काय शिकावं? चहात साखर कमी घालायला शिकावं, फार तर चष्मा कुठं ठेवला ते लक्षात ठेवायला शिकावं. पण मकसूदभाईंचे ग्रह वेगळे होते, आणि त्या ग्रहांचं नाव होतं आनेके.

बारामतीजवळ कन्हेरीच्या पुढं एका डच कंपनीची रंगीत ढोबळी मिरचीची पॉलिहाऊसं आहेत. मकसूदभाई डिसेंबरात तिथं पीक अधिकारी म्हणून लागले होते. त्याआधी बावीस वर्षं साखर कारखान्याच्या ऊस विभागात. इथं पहिले सहा महिने उमेदवारीचे, काम पसंत पडलं तर कायम. आनेके तिथली मुख्य. अडतीस वर्षांची, उंचीला दाराच्या चौकटीएवढी, बारामतीतून रोज सायकलवर यायची. तिला मॅडम म्हटलेलं चालत नसे. नुसतं आनेके म्हणा, म्हणायची. आता ज्या माणसानं बावीस वर्षं शेतकी अधिकाऱ्याच्या ड्रायव्हरलासुद्धा साहेब म्हटलं, त्याच्या तोंडून साहेबिणीचं नाव कसं निघावं? मकसूदभाईंनी त्यावर आपला तोडगा काढला होता. ते तिला हाकच मारत नसत. काम असलं की समोर जाऊन उभे राहत आणि खाकरत.

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी तिनं त्यांना समोर बसवलं. दोघांचं बोलणं इंग्रजीत चालायचं. इंग्रजी दोघांचंही उसनंच, तेव्हा आपण ते मराठीत ऐकलेलं बरं.

"मकसूद, तुझं काम चांगलं आहे. पिकातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण माझा तुझ्यावर विश्वास नाही."

कारखान्यात असं वाक्य ऐकू आलं की पुढं चौकशी समिती बसायची.

"पाच महिन्यांत तू मला एकदाही नाही म्हणाला नाहीस," ती वही चाळत म्हणाली. "फेब्रुवारीत मी विचारलं, चारशे क्रेट मंगळवारपर्यंत भरतील का? तू हो म्हणालास. ते शुक्रवारी भरले. मार्चमध्ये विचारलं, ही खतमात्रा बरोबर वाटते का? हो म्हणालास. नंतर कळलं, तू गोकुळला वेगळीच मात्रा द्यायला सांगितलीस. ती बरोबर होती. पण मग तुझा 'हो' म्हणजे मी काय समजू?"

आता हिला कोण समजावणार? आपल्याकडं 'हो' म्हणजे 'कानावर आलं'. ते होईल की नाही, कधी होईल, हा पुढचा भाग झाला. शहाणी माणसं तो चेहऱ्यावरून ओळखतात. पण डच माणूस चेहरा वाचत नाही, शब्द वाचतो.

"मेच्या महिनाअखेरपर्यंत मला तुझा एक खरा नकार हवा," आनेके म्हणाली. "माझ्या एखाद्या निर्णयाला, तोंडावर, कारणासकट. नाही जमलं तर मी तुला कायम करू शकणार नाही."

"हो," मकसूदभाई म्हणाले. "नक्की."

आनेकेनं एक मोठा श्वास घेतला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

नोकरी गेली तर काय, हा विचार मकसूदभाईंनी कन्हेरीपासून घरापर्यंत आपल्या मोटारीत केला. परत कारखान्यात जायची सोय उरली नव्हती. निरोप समारंभात शाल, नारळ, ग्रुप फोटो आणि 'सातासमुद्रापारच्या कंपनीनं आपल्या माणसाला हेरलं' असं अध्यक्षीय भाषण झालं होतं. फोटो अख्ख्या आळीनं बघितला होता. सातासमुद्रापारची कंपनी घरापासून नऊ किलोमीटरवर होती, ही गोष्ट वेगळी. पण त्या नऊ किलोमीटरमध्ये काय काय बदलायचं, हे ज्याचं त्याला ठाऊक. बाराच्या ठोक्याला सगळ्यांनी थंड पाव खायचा. पाचला दोन मिनिटं असताना बाई लॅपटॉप मिटायची, मग समोर आग लागलेली का असेना. आपल्याच तालुक्यात, व्हिसा न काढता, माणूस परदेशी झाला होता.

घरी सायराबानूंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"लोकांची पोरं इंग्लिश शिकत्यात, कॉम्प्युटर शिकत्यात. तुमाला न्हाय म्हणता येत न्हाय? द्या, मी शिकवते. आज कारल्याची भाजी करू का?"

"कर की."

"अवो, न्हाय म्हणायचं न्हवं का!"

"पण तू इचारलंस, मग बरं दिसत न्हाय."

"खरं सांगा, कारलं आवडतं का तुमाला?"

मकसूदभाईंनी छताकडं बघितलं. सरावच करायचा तर इथून करावा, असं त्यांना वाटलं. "न्हाय," ते म्हणाले. "कधीच आवडलं न्हाय."

सायराबानू मटकन खाली बसल्या. "सव्वीस वर्सं! सव्वीस वर्सं मी दर गुरुवारी कारलं चिरतीया, तुमी लग्नानंतर पयल्यांदा 'झकास' म्हणालात म्हून! मला तरी कुठं आवडतं त्ये?" मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "आन् माज्या बिर्याणीला झकास म्हणता, त्ये?"

"त्ये खरं हाय."

"कशावरनं?"

आनेकेनंही दुपारी दुसरं काय विचारलं होतं? एकाच दिवसात दोन बायकांनी, एकीनं इंग्रजीत आणि एकीनं मराठीत, त्यांच्या सगळ्या आयुष्यातल्या 'हो'चा पंचनामा केला होता. त्या रात्री दोघांनी अंड्याची पोळी खाल्ली आणि कोणीच तिला झकास म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे केशवराव आले. केशवराव पंचायत समितीतून निवृत्त झालेले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही माणसाला नाही म्हटलेलं नव्हतं आणि एकाही माणसाचं काम केलेलं नव्हतं. त्यामुळं या विषयात त्यांच्याएवढा अधिकारी माणूस आळीत दुसरा नव्हता.

"तोंडी नकार कधी द्यायचा न्हाय, मकसूदभाई," ते खुर्चीवर मांडी घालून म्हणाले. "तोंडी नकाराला पुरावा न्हाय. अर्ज टाका. मी मजकूर सांगतो. विषय, 'नाही म्हणण्यास परवानगी मिळणेबाबत'. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की..."

"तिला तोंडावर पायजे, केशवराव."

"मग अर्ज तोंडावर वाचून दाखवा!"

हसू नका. मकसूदभाईंनी कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसला खरंच फोन लावला, कारण केशवरावांचं एक म्हणणं त्यांना पटलं, की काही नमुना असेल तर विचारून ठेवावा. पुण्याला कर्मचाऱ्यांचं बघायला वल्लरी नावाची मुलगी होती. नमुना होता! तिनं लगेच पाठवला. 'विधायक असहमती नोंद', दोन पानं. त्यात असहमतीचा विषय, असहमतीचा दिनांक, आणि खाली एक चौकट, असहमतीस वरिष्ठांची पूर्वमान्यता, किमान तीन कामकाजाचे दिवस आधी.

"म्हणजे ज्यांना नाही म्हणायचं, त्यांनाच आधी विचारायचं?" मकसूदभाईंनी विचारलं.

"हो सर. त्यांनी हो म्हटलं की तुम्ही नाही म्हणू शकता," वल्लरी म्हणाली. डच माणसानं दिलेली साधी गोष्ट पुण्यापर्यंत येता येता अशी झाली होती. मकसूदभाईंनी दोन्ही पानं घडी करून खिशात ठेवली आणि आपला सराव चालू ठेवायचं ठरवलं.

आणि इथंच घोटाळा झाला. मेच्या पहिल्या आठवड्यात इंदापूरहून सद्दामचा फोन आला. सद्दाम म्हणजे सायराबानूंचा धाकटा भाऊ. त्याच्या मुलीचा, साजियाचा, साखरपुडा ठरला होता.

"दाजी, गुरुवार-शुक्रवार तुमची गाडी लागंल बरं का. पावनं आणाय-सोडाय."

एरवी मकसूदभाई 'न्या की, विचारतोस काय' म्हणाले असते आणि मग दोन दिवस रिक्षानं हिंडले असते. पण त्यांनी डोळे मिटले, आनेकेचा चेहरा आठवला, आणि एका दमात म्हणाले, "न्हाय. त्या दोन दिवसांत मला सोताला गाडी लागती. म्हणून देता येणार न्हाय."

"दाजी," सद्दाम म्हणाला, "तब्येत बरी हाय न्हवं?"

"ठणठणीत हाय."

"बरं बरं. पडा तुमी. जास्त बोलू नका."

अर्ध्या तासात पणदऱ्याच्या मावसभावाचा फोन आला, छातीत दुखतंय का म्हणून. मग पिंपळीहून, डाव्या हाताला मुंग्या येतात का म्हणून. मकसूदभाई गाडीला नाही म्हणाले, आणि तेही कारण सांगून! म्हणजे माणूस जगत नाही, असा सगळ्या नातलगांचा सरळ हिशेब होता. संध्याकाळी सहाला दोन जीप दारात थांबल्या. इंदापूरहून आठ माणसं, डझनभर शहाळी आणि सायराबानूंची ऐंशी वर्षांची अम्मी. अम्मींनी जावयाच्या कपाळाला हात लावला आणि रडायलाच सुरुवात केली. केशवरावांच्या मंदाकिनीवहिनी थर्मामीटर घेऊन आल्या आणि कोणी काही म्हणायच्या आत तो मकसूदभाईंच्या तोंडात घातला.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार," त्या चिंतेनं म्हणाल्या. "भाऊजी, ताप तर नाही. मग झालंय काय तुम्हाला?"

"कंपनीनं न्हाय म्हणायला सांगितलंय," मकसूदभाई थर्मामीटर काढत म्हणाले.

आठही माणसांनी एकमेकांकडं बघितलं. मेंदूपर्यंत गेलंय, असं अम्मी हळूच म्हणाल्या, पण त्या थोड्या बहिऱ्या असल्यामुळं त्यांचं हळू सगळ्यांना ऐकू गेलं. शेवटी सायराबानूंनी नऊ माणसांचा स्वयंपाक केला, आणि आपण चांगले धडधाकट आहोत हे सिद्ध करायला मकसूदभाईंनी गाडी दिली. नुसती दिली नाही. गाडीबरोबर चालवायला स्वतः येतो म्हणाले.

आता रजा काढणं आलं. दुसऱ्या दिवशी ते आनेकेपुढं जाऊन खाकरले. घरी साखरपुडा आहे, गुरुवार-शुक्रवार रजा मिळाली तर, म्हणजे अडचण नसेल तर, असं काहीबाही म्हणाले.

"गुरुवारी नाही. गुरुवारी तोडणी आहे," आनेके स्क्रीनवरची नजरही न काढता म्हणाली. "शुक्रवारी जा. मुलीला माझ्या शुभेच्छा सांग." आणि पुढं टाइप करत राहिली.

मकसूदभाई तिथंच उभे राहिले. इतकं सोपं? त्यात राग नव्हता, आढेवेढे नव्हते, बघते-करते-सांगते नव्हतं. एक माणूस नाही म्हणाला आणि दुसरा मेला नाही. ते जागेवर येऊन बसले तेव्हा त्यांना या बाईचा पहिल्यांदा हेवा वाटला. गुरुवारी दाजी आणि गाडी दोन्ही कामावर, त्यामुळं सद्दामला भाड्याची गाडी करावी लागली, आणि दाजींची तब्येत अजून नाजूकच आहे असं इंदापुरात पक्कं झालं.

खरा नकार आला तो असा. त्या वर्षी कालव्याचं पाणी लांबलं आणि शेततळ्याचा तळ दिसायला लागला. नव्या शेडमध्ये पिवळ्या मिरचीची बाराशे रोपं नुकतीच लावलेली. सकाळी सगळे शेडमध्ये उभे असताना आनेके म्हणाली, "सोमवारपासून या रोपांना पिंपळीच्या बाजूच्या बोअरचं पाणी द्या. माझ्याकडं तपासणीचा रिपोर्ट आहे. पाणी उत्तम आहे."

मकसूदभाईंच्या तोंडात सवयीचा 'हो' येऊन बसलासुद्धा होता. पण त्यांची नजर त्या रोपांवर गेली. त्यांनी तळहातावर घेऊन बघितलेली रोपं होती ती.

"नाही," ते म्हणाले.

ड्रिप बघणाऱ्या गोकुळच्या हातातलं फिल्टरचं झाकण खाली पडलं.

"रिपोर्ट ऑक्टोबरचा आहे," मकसूदभाई घाईघाईनं बोलत सुटले, कारण थांबलो तर संपलो हे त्यांना ठाऊक होतं. "तेव्हा जमिनीत पाऊस मुरलेला होता. मे महिन्यात तेच पाणी खारं होतं. ढोबळी मिरचीला ते सोसणार नाही, पानांच्या कडा करपतील. मी ऊस बघायला या शिवारात बावीस वर्षं हिंडलोय."

आनेकेचा चेहरा उजळला. "छान! हेच मला हवं होतं! तुझ्याकडं आकडे आहेत?"

"आकडे नाहीत. काल पाणी तोंडात घेऊन बघितलं."

"मग मी तुझ्याशी सहमत नाही," ती तितक्याच आनंदानं म्हणाली. "नवा नमुना तपासायला पाठवू. पण तोवर रोपं तहानलेली ठेवता येणार नाहीत. सोमवारी बोअर चालू कर." आणि तिनं मकसूदभाईंशी हात मिळवला.

मकसूदभाई घरी येऊन खुर्चीत पडले. ऐकायचंच नव्हतं तर म्हणायला लावलं कशाला? पंधरा दिवस माणूस जिवाचं रान करतो, सासुरवाडीत वेडा ठरतो, सव्वीस वर्षांचं कारलं गमावतो, आणि शेवटी बाई हात मिळवून मोकळी!

"म्हणजे अर्ज नामंजूर," केशवराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण आवक झाली ना? मग तुमचं काम झालं. आता करपू दे की तिची मिरची."

"माजी बी हाय ती मिरची," मकसूदभाई म्हणाले, आणि हे बोलताना त्यांचा आवाज जरा चढला. केशवरावांनी मांडी बदलली आणि चहा मागितला.

सोमवारी बोअरचा व्हॉल्व्ह मकसूदभाईंनी स्वतःच उघडला, कारण तो उघडणं त्यांचंच काम होतं. पहिले चार दिवस काही झालं नाही. सातव्या दिवशी खालच्या पानांच्या कडा तपकिरी दिसायला लागल्या. दहाव्या दिवशी नवा रिपोर्ट आला, खारं पाणी. बाराव्या दिवशी बाराशे रोपं उपटायला काढली. पिंपळीहून कामाला येणाऱ्या बायका रांगेनं उपटत होत्या, आणि शेवटच्या ओळीत आनेके स्वतः गुडघ्यावर बसून उपटत होती. मकसूदभाई तिच्या शेजारच्या ओळीत बसले आणि उपटायला लागले. आपलं खरं ठरलं याचा आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ते एकेक रोप उपटून मुळाची माती झटकत राहिले.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी चार वाजता बैठक. खोलीत पाच माणसं. आनेकेच्या पुढ्यात मकसूदभाईंचं कायम करण्याचं पत्र, अजून सही नसलेलं.

"बाराशे रोपं गेली," ती म्हणाली. "मकसूद नाही म्हणाला होता. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

साहेबानं सर्वांसमोर चूक कबूल केलेली या माणसांनी जन्मात ऐकली नव्हती. गोकुळ पंख्याकडं बघायला लागला. आणि मकसूदभाईंचं तोंड आपोआप उघडलं.

"नाही नाही, छे! तुमची कसली चूक? हवामानच तसं होतं. कोणाच्याही हातून झालं असतं."

आनेकेनं पेन खाली ठेवलं. ती दमलेली दिसत होती. नखांमध्ये अजून माती होती.

"मकसूद," ती म्हणाली, "मी चुकले की नाही?"

आता काय करावं माणसानं? समोरचा पडलेला असताना तू पडलास असं आपण म्हणतो का? आपण धूळ झटकतो, पाणी देतो, रस्ताच खराब होता म्हणतो. मकसूदभाईंच्या आईनं त्यांना हेच शिकवलं होतं, आणि त्यांना ते अजूनही चूक वाटत नव्हतं. पण ही बाई पाणी मागत नव्हती. ती खरंच विचारत होती, आणि या खोलीत दुसरं कोणी तिला उत्तर देणार नव्हतं. महिनाभर नकाराची तयारी करून आलेल्या माणसापुढं ऐन परीक्षेत भलताच प्रश्न आला होता.

"हो," मकसूदभाई म्हणाले. "चुकलात तुम्ही, आनेके."

नाव तोंडातून निघून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आनेकेनं त्यांच्याकडं एकदा नीट बघितलं, पत्रावर सही केली आणि कागद त्यांच्याकडं सरकवला.

"धन्यवाद. आता मला तुझ्या 'हो'चा अर्थ कळतो," ती म्हणाली, आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी विचारायची तसं तिनं विचारलं, "आणखी कोणाला काही सांगायचं आहे?"

हे विचारलं की सगळे उठतात. त्या दिवशीही उठले. फक्त मकसूदभाई उठले नाहीत. त्यांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली, चष्मा पुसला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"आहे," ते म्हणाले. "सुरुवातीपासून सांगतो. डिसेंबरात तुम्ही कामाची वेळ सातची केलीत. पिंपळीहून येणाऱ्या बायका सकाळी उपाशीपोटी येतात, त्यातली एक तिसऱ्याच दिवशी चक्कर येऊन पडली होती. ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही. मीही नाही. दुसरं..."

आनेकेनं वहीचं नवं पान उघडलं. पाचला दोन मिनिटं असताना तिचा हात सवयीनं लॅपटॉपकडं गेला. "थांबा, झालं नाही अजून," मकसूदभाई म्हणाले, आणि ती थांबली. पाच वाजले, सहा वाजले. गोकुळ दोनदा दारातून डोकावून गेला आणि तिसऱ्यांदा चहा ठेवून गेला.

साडेसहाला सायराबानूंचा फोन आला.

"काय झालं वो? ठेवलं का कामावर?"

"ठेवलं. कायम केलं."

"या अल्ला! मग बसलाय काय तितं? या की घरी! मंदाकिनीवहिनी पेढं घिऊन बसल्यात."

"तुमी खाऊन घ्या," मकसूदभाई म्हणाले. "मला वेळ लागंल. हितं आत्ताशी जानेवारी चाललाय."